टेंभूचा गोपाळ आणि कपाळावरचे लिहिणे



टेंभू हे नाव सातारा-सांगलीकडे कोणाला माहीत नाही? कराडजवळच्या या गावापाशी कृष्णेचे पाणी अडवतात आणि टप्प्याटप्प्याने उचलून खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ अशा कोरड्या तालुक्यांकडे नेतात. टेंभूचे पाणी आले का, अशी चौकशी आपल्याकडे पावसाच्या चौकशीइतकीच नेहमीची झाली आहे. पण त्या गावाने महाराष्ट्राला पाण्याच्या कितीतरी आधी एक माणूस दिला. त्याचे नाव गोपाळ गणेश आगरकर. आज त्यांची जीवनकथा सांगण्याचा आमचा विचार आहे.

या पानावर आपण एरवी संतांची चरित्रे वाचतो. आगरकर संत नव्हते, ख्रिस्ती नव्हते आणि देव आहे असे मानायलाही ते तयार नव्हते. मग फादरांना आज त्यांची आठवण का झाली, असे कोणी विचारील. त्याचे कारण आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात सेवेला होतो. एका रविवारी मिस्सा झाल्यावर एक भगिनी भेटायला थांबली. तिचा नवरा दारू प्यायचा. प्यायला की मारहाण, शुद्धीवर आला की रडणे आणि शपथा, आणि आठ दिवसांनी पुन्हा तेच. तिच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने मोबाईलवर एक भाषण ऐकले होते. माणूस स्वतः काही ठरवतच नाही, त्याचा मेंदू आधीच ठरवून मोकळा होतो आणि आपण ठरवले असा त्याला नुसता भास होतो, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे, असे त्यात सांगितले होते. मुलाने आईची समजूत घातली की पप्पांचा काही दोष नाही, त्यांचा मेंदूच तसा आहे. त्या भगिनीने आम्हांला विचारले की, तसे असेल तर इतकी वर्षे आपण क्षमा तरी कोणाला करत आलो? ज्याला दुसरे काही करताच येत नव्हते त्याला क्षमा करण्यासारखे काय उरते?

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो, त्याची पदवीही घेतली. पण त्या दिवशी आम्ही तिला धर्मशिक्षणाच्या पुस्तकातले दोन शब्द सांगून घरी पाठवले. तिचे समाधान झाले नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. तो प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात आहे. पुढे आगरकरांचे चरित्र पुन्हा वाचताना त्याचे उत्तर थोडेफार हाती लागले, म्हणून हा खटाटोप.

प्रथम शास्त्रज्ञ काय म्हणतात ते प्रामाणिकपणे समजून घेऊ. १९६५ साली कॉर्नहुबर आणि डेके या दोन जर्मन संशोधकांना असे दिसले की, माणूस आपणहून हात हलवतो त्याच्या आधीच मेंदूत विजेचा एक सौम्य चढ सुरू होतो. १९८३ साली अमेरिकेत बेंजामिन लिबेट यांनी त्यापुढचा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाला खुर्चीत बसवायचे, डोक्याला तारा लावायच्या आणि मनाला येईल तेव्हा मनगट हलव म्हणून सांगायचे. हलवावेसे वाटले त्या क्षणी समोरच्या घड्याळातला ठिपका कुठे होता एवढे त्याने लक्षात ठेवायचे. निष्कर्ष असा निघाला की मेंदूतला चढ हालचालीच्या साधारण अर्धा सेकंद आधी सुरू होतो आणि इच्छा झाल्याची जाणीव मात्र सुमारे पाव सेकंदाच्या आत, म्हणजे नंतर येते. २००८ साली जर्मनीत हेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूची चित्रे घेऊन, माणूस डावे बटण दाबणार की उजवे याचा अंदाज काही सेकंद आधी बांधून दाखवला. तो अंदाज शंभरात साधारण साठ वेळा बरोबर आला. नाणे उडवून सांगितले असते तरी पन्नास वेळा बरोबर आला असता, हेही ध्यानात ठेवावे.

मोबाईलवरची भाषणे इथे थांबतात. पण स्वतः लिबेट तिथे थांबले नव्हते. इच्छा जाणवल्यावर आणि हात हलण्यापूर्वी माणसाला नको म्हणण्याइतका अवधी मिळतो, असे त्यांचे मत होते. पुढे २०१२ साली शुर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळाच विचार मांडला. मेंदूत लहानमोठे चढउतार सततच चालू असतात. तो आधीचा चढ म्हणजे आधीच झालेला निर्णय नसून त्या चढउतारांचाच भाग असू शकेल, असे त्यांनी दाखवले. तेव्हा स्वातंत्र्य हा भ्रम आहे हे सिद्ध झाले, असे म्हणता येत नाही.

पण एवढ्याने आपली सुटका होत नाही. दारूने, डोक्याला लागलेल्या माराने, खोल नैराश्याने माणसाची इच्छाशक्ती बदलते, हे आपण घरोघर पाहतो. आणि हा विचार आपल्या लोकांना नवा तरी कुठे आहे? मूल जन्मले की सहाव्या रात्री सटवाई येऊन त्याच्या कपाळावर नशीब लिहून जाते, हे आपल्या आज्या-पणज्या सांगत आल्या. पूर्वी लिहिणे कपाळावर होते, आता ते कपाळाच्या आत आहे, एवढाच फरक. सांगणाऱ्याचे म्हणणे तेच, की जे व्हायचे ते ठरलेले आहे, तू उगाच धडपडू नकोस. त्या कपाळावरच्या लिहिण्याशी जन्मभर भांडलेला आपल्याच भागातला माणूस म्हणजे आगरकर.

त्यांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी टेंभूला झाला. घर ब्राह्मणाचे, पण कमालीचे गरीब. शिक्षणासाठी मुलाला कराडला आजोळी राहावे लागले. थोडे इंग्रजी शिकून झाल्यावर शाळा परवडेना. मग कधी कचेरीत उमेदवारी, कधी दवाखान्यात कंपाउंडरचे काम, असे दिवस गेले. शिकायला मिळेल या आशेने तो मुलगा कराडहून रत्नागिरीला चालत गेला. मध्ये सह्याद्रीचा घाट. तिथे निभाव लागेना म्हणून परत यावे लागले. पुढे नातेवाइकांच्या आधाराने तो अकोल्याला पोहोचला. तिथे विष्णू मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे शिक्षक भेटले आणि १८७५ च्या सुमारास तो मॅट्रिक होऊन पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाला.

कॉलेजातले त्यांचे दिवस महाराष्ट्रात अजून सांगितले जातात. अंगात घालायला सदरा एकच. तो रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा. परीक्षेची फी भरायला पैसे नव्हते, तेव्हा एखाद्या मंडळीसाठी नाटक लिहून ते मिळवावे असे त्यांनी ठरवले होते. हे कळल्यावर प्राध्यापक केरूनाना छत्रे यांनी मदत केली, अशी आठवण सांगतात. गोपाळचा हट्ट मोठा होता, पण नातेवाईक, महाजनी मास्तर, केरूनाना असे हात वेळोवेळी पुढे आले नसते तर तो हट्ट कचेरीच्या टेबलाशीच संपला असता. स्वातंत्र्याचा विचार करताना आपण ही गोष्ट विसरतो. माणूस एकट्याने मोकळा होत नाही. त्याला कोणीतरी हात द्यावा लागतो.

इतिहास व तत्त्वज्ञान हे विषय घेऊन ते एम. ए. झाले. त्या काळी एम. ए. झालेल्याला सरकारी नोकरी आणि घसघशीत पगार ठरलेला. टेंभूच्या घरात आईने किती वर्षे त्या दिवसाची वाट पाहिली असेल! अशा वेळी मुलाने आईला पत्र लिहून कळवले की, मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरते मिळवून बाकीचा वेळ आपण लोकांच्या हितासाठी घालवणार आहोत. ते पत्र महाराष्ट्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्यांचा विवाह १८७७ सालीच झाला होता, म्हणजे भार एकट्याचा नव्हता. गरिबीतून वर आलेला मुलगा पैशाच्या मागे जाईल असा आपला सगळ्यांचा अंदाज असतो, आणि बहुधा तो बरोबर येतो. इथे तो चुकला.

चिपळूणकर आणि टिळक यांनी १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले होते. आगरकर त्यांना येऊन मिळाले. १८८१ च्या जानेवारीत केसरी निघाला आणि त्याचे पहिले संपादक आगरकर झाले. लवकरच संकट आले. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतो आहे या समजुतीने केसरी आणि मराठा पत्रांनी तिथल्या बर्वे दिवाणांवर टीका केली. ज्या पत्रांचा आधार घेतला होता ती बनावट निघाली. चूक कबूल करून दिलगिरी व्यक्त केली तरी १८८२ साली टिळक आणि आगरकर या दोघांना शिक्षा झाली आणि मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात त्यांना १०१ दिवस काढावे लागले. या अनुभवावर आगरकरांनी पुस्तकही लिहिले. तुरुंगात हे दोन मित्र धर्म, समाज, सुधारणा यांवर इतका वाद घालत की पहारेकऱ्यांनाही त्यांचा आवाज सहन करावा लागे.

याच काळात आगरकरांनी शेक्सपिअरच्या हॅम्लेट नाटकाचे मराठी रूपांतर केले. विकारविलसित या नावाने ते १८८३ साली प्रसिद्ध झाले. आपल्याला काय करायचे आहे ते हॅम्लेटला पक्के ठाऊक असते, तरी त्याचा हात पुढे होत नाही. चांगले कळूनही ते हातून घडत नाही ही व्यथा संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात स्वतःविषयी सांगितली आहे. त्या भगिनीच्या नवऱ्याची व्यथाही वेगळी नव्हती.

पुढे मतभेद वाढले. राजकारण आधी की समाजसुधारणा आधी, यावर टिळक आणि आगरकर यांचे पटेना. १८८७ साली आगरकरांनी केसरी सोडला आणि १८८८ च्या ऑक्टोबरमध्ये सुधारक हे स्वतःचे पत्र काढले. त्याची इंग्रजी बाजू तरुण गोपाळ कृष्ण गोखले यांनी सांभाळली. बालविवाह, विधवांचे केशवपन, जातिभेद, मुलींना शिक्षण नाकारणे या सगळ्यांवर त्यांनी लेखणी चालवली. संमतिवयाचा कायदा १८९१ साली झाला, तेव्हा तो हवा असे आगरकर ठामपणे म्हणत होते. या साऱ्याच्या तळाशी एकच गोष्ट होती. पूर्वीपासून चालत आले आहे, शास्त्रात आहे, नशिबात आहे, म्हणून असेच चालायचे, हे त्यांना मान्य नव्हते. दहा वर्षांच्या विधवेला तिच्या कपाळी हेच लिहिले होते असे सांगणारा समाज आपले स्वतःचे करणे देवावर आणि दैवावर ढकलतो, हे त्यांनी ओळखले होते.

पुण्यातल्या संतापलेल्या लोकांनी आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. ती त्यांच्या घरावरून नेली आणि त्यांनी ती पाहिली. दम्याने शरीर पोखरले होते. तरीही पुढच्या अंकाचा लेख वेळेवर तयार असे. घरी पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या. त्यांची व्रतवैकल्ये चालत आणि आगरकरांनी त्यांच्यावर आपली मते लादली नाहीत. स्वतःला विचाराचे स्वातंत्र्य हवे तर ते घरातल्या माणसालाही दिले पाहिजे, हे त्यांनी पाळले. आपल्यापैकी किती धार्मिक पुरुषांना हे जमते, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

१८९२ साली ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. १७ जून १८९५ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा वय पुरते एकोणचाळीसही नव्हते. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी थोडे पैसे पुडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात. ज्यांच्याशी इतकी वर्षे उभे वैर चालले त्या टिळकांनी केसरीत त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांचे ग्रंथ बारकाईने वाचले होते. यांतल्या मिल यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे की, आपण केवळ परिस्थितीने घडवलेली बाहुली आहोत या विचाराने तरुणपणी त्यांना ग्रासले होते. त्यातून ते असे बाहेर पडले, की परिस्थिती माणसाचा स्वभाव घडवते हे खरे, पण तो स्वभाव बदलावा अशी माणसाची इच्छा हीदेखील त्या परिस्थितीतलीच एक शक्ती आहे. कारणांच्या साखळीत माणूस स्वतःही एक कडी आहे.

यावर कोणी म्हणेल की आगरकरांचा हट्ट हाही त्यांच्या मेंदूचाच खेळ होता. शिक्षक तसे भेटले, पुस्तके तशी वाचली, म्हणून तसे घडले. एका माणसाच्या चरित्राने तत्त्वज्ञानाचा वाद मिटत नाही, हे आम्ही मान्य करतो. कारणे होती हेही मान्य. पण कारणे असणे म्हणजे स्वातंत्र्य नसणे, हे आम्हांला मान्य नाही. प्रयोगशाळेत मनगट आता हलवावे की थोड्या वेळाने, याला काहीच कारण नसते. आईला पाठवलेल्या त्या पत्राला कारण होते. आगरकरांपुढे दोन्ही वाटा होत्या. कोणत्या वाटेची किंमत काय हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी एक वाट धरली आणि पुढची पंधरा वर्षे, खोकत, गरिबीत, स्वतःची प्रेतयात्रा पाहूनही, ती सोडली नाही. माणसाचे स्वातंत्र्य पाहायचे तर अर्ध्या सेकंदात पाहून चालत नाही. ते वर्षांच्या हिशेबाने पाहावे लागते.

दुसरेही एक आहे. आगरकर आठवड्यामागून आठवडे लेख लिहून लोकांना पटवत राहिले. ज्याला विचार करून बदलता येत नाही त्याला कोणी पटवायला जात नाही. घड्याळ मागे पडले तर आपण त्याला चावी देतो, उपदेश करत नाही. माणसाला इच्छास्वातंत्र्य नसेल तर सल्ला, आज्ञा, मनाई, बक्षीस, शिक्षा हे सारे फुकट आहे, असे संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात सांगितले आहे. ख्रिस्तसभेचा हा संत आणि टेंभूचा तो नास्तिक या एका मुद्द्यावर शेजारी उभे राहतात. मेंदूच सारे ठरवतो असे सांगणारा वक्तादेखील आपल्याला पटावे म्हणूनच बोलत असतो!

त्या भगिनीला आज उत्तर द्यायचे झाले तर आम्ही असे सांगू. तुझा मुलगा निम्मा बरोबर आहे. सवय, आजार, भीती, अज्ञान यांनी माणसाची जबाबदारी कमी होते, हे ख्रिस्तसभाही शिकवते. तिसरा पेला हातात असताना तुझ्या नवऱ्याला फारसे स्वातंत्र्य उरलेले नसेल. पण सोमवारी सकाळी, शुद्धीवर असताना, थोडेसे तरी असते. पगार तुझ्या हाती द्यायचा की नाही, गुत्त्याच्या रस्त्याने यायचे की दुसऱ्या रस्त्याने, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेला जायचे की नाही, डॉक्टरांकडे जायचे की नाही. आपले आता काही चालत नाही, मदत हवी, असे कबूल करणे हाही त्याचाच निर्णय असतो. तू क्षमा करतेस ती त्या सोमवार सकाळच्या माणसाला. आणि क्षमा करणे म्हणजे मार खात राहणे नव्हे. स्वतःला आणि मुलांना सुरक्षित ठेव. तोही तुझा अधिकार आहे.

प्रायश्चित्त संस्काराला आपण येतो तेव्हा हेच मानून येतो, की जे झाले ते माझ्या हातून झाले आणि उद्या वेगळे होऊ शकते. यातले पहिले कबूल करायला जड जाते, पण त्याशिवाय दुसऱ्याची आशा धरता येत नाही.

पाण्याचा स्वभाव उताराकडे जाण्याचा आहे. टेंभूला ते वर चढते तेव्हा निसर्गाचा नियम काही मोडत नाही. पंप लागतात, वीज लागते, अनेकांचे श्रम लागतात आणि एकेका टप्प्यावर दम घ्यावा लागतो. माणसाचेही तसेच आहे. ख्रिस्ती माणूस त्या उचलणाऱ्या शक्तीला कृपा म्हणतो. आगरकरांनी तिला हे नाव दिले नसते, आणि त्यांच्या तोंडी ते घालण्याचा आम्हांला अधिकार नाही. पण त्यांच्यासाठी पुढे झालेले हात कोणाचे होते, याविषयी आम्ही आमच्यापुरते काही मानतो.

या आठवड्यात आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या ज्या माणसाविषयी, हा काही बदलायचा नाही, असे आपण म्हणून टाकले असेल, त्याच्याशी एकदा बोलावे. आणि तो माणूस आपण स्वतःच असू, तर आमच्याकडे यावे. मिस्सानंतर आम्ही थांबतोच.

प्रभूची शांती आपणां सर्वांबरोबर असो.

आपला,
धर्मगुरू